वाचनालयात सहा महिने, सहा मराठी सिनेमे: कोणत्या दिग्दर्शकापासून सुरुवात करावी?

बालाघाट_केज

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या केजच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक मराठी सिनेमा दाखवायचं ठरलंय. हॉल ४० बाय २५ फूट, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. ८०-९० माणसं सतरंजीवर बसतील. शाळेचे मास्तर, बचत गटातल्या बाया, कॉलेजची पोरं, थोडी म्हातारी मंडळी. सगळी टीव्हीवर आणि मोबाईलवर सिनेमा बघणारी.

माझं मत असं की नट बघून सिनेमे निवडण्यापेक्षा दिग्दर्शक धरून जावं. सध्याची यादी: चैतन्य ताम्हाणे (कोर्ट), नागराज मंजुळे (फँड्री), उमेश कुलकर्णी (देऊळ), अविनाश अरुण (किल्ला), सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर (कासव), परेश मोकाशी (एलिझाबेथ एकादशी). क्रमही हाच. पहिलाच सिनेमा दणकून झाला पाहिजे म्हणून 'कोर्ट' वर ठेवलाय. तुमचं काय म्हणणं? गेल्या दोन-तीन वर्षातलं काही घ्यावं का?

मोंढा_नाका

'कोर्ट'नं सुरुवात केली तर दुसऱ्या महिन्यात हॉलमधी तुम्ही आन ग्रंथपालच राहताव बघा. 😀

पडदापुराण

मोंढानाका हसत म्हणायलेत, पण मुद्दा खरा आहे. 'कोर्ट' माझ्या मते गेल्या दशकातला सर्वात विचारपूर्वक केलेला मराठी सिनेमा आहे, आणि नेमकं म्हणूनच तो पहिला नको.

कारण सांगतो. ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतात आणि हलवत नाहीत. कोर्टाच्या खोलीत न्यायाधीश, वकील, शिरस्तेदार, मागच्या बाकांवरची माणसं सगळी एकाच चौकटीत असतात. कुणाकडं बघायचं हे दिग्दर्शक सांगत नाही, ते आपण ठरवायचं. टीव्ही मालिकेत दर दोन-तीन सेकंदाला चेहरा बदलतो. त्या सवयीच्या डोळ्याला पहिली वीस मिनिटं वाटतं की काहीच घडेना. चार सिनेमे एकत्र बघितल्यावर हाच प्रेक्षक 'कोर्ट' नीट बघेल.

दुसरी अडचण भाषेची. यात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती असं सगळं येतं. कायद्याची कलमं वाचली जातात ती इंग्रजीत. निर्मात्याकडून येणाऱ्या प्रतीवर बहुधा इंग्रजी सबटायटल असतात, ती तुमच्या बचत गटाला उपयोगाची नाहीत. सुरू करण्याआधी पाच मिनिटं उभं राहून सांगा की आरोप काय आहे. गटार साफ करणाऱ्या कामगाराचा मृत्यू होतो आणि शाहिराच्या गाण्यानं त्याला आत्महत्येस प्रवृत्त केलं असा खटला उभा राहतो. एवढं कळलं की पुढचं माणसं धरतात.

तिसरी गोष्ट प्रोजेक्टर चालवणाऱ्यासाठी. शेवटाकडं कोर्टाचं काम संपतं, खोलीतले दिवे एकेक बंद होतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. सिनेमा तिथं संपत नाही. पुढं न्यायाधीशांच्या सुट्टीचा भाग आहे आणि सगळ्या सिनेमाचा अर्थ त्यातच आहे. काळोख झाला की ट्यूब लावणारा उत्साही माणूस प्रत्येक हॉलमध्ये असतो, त्याला आधीच बटणापासून लांब बसवा.

सीताफळ

+१. दिवे लावणाऱ्यांचा बंदोबस्त 'फँड्री'लाही करा. शेवटी दगड थेट पडद्याकडं येतो आणि अंधार होतो. त्या अंधारात निदान पंधरा सेकंद कुणी बोलू नये, ट्यूब लावू नये. 'सैराट' कधी दाखवलात तर उलटी अडचण येईल: शेवटी आवाजच बंद होतो, तेव्हा मशीनवरचा माणूस वायर हलवायला लागतो.

दखनी_लहेजा

यादी चांगली आहे बालाघाट दादा, पण एक सल आहे. सहापैकी एकही मराठवाड्याचा नाही. 'किल्ला' आणि 'कासव' दोन्ही कोकणातले. समुद्र, पाऊस, माडाची झाडं. आपल्या माणसानं दोन महिने दुसऱ्याचाच पाऊस बघायचा का?

'पाणी' घ्या की. आदिनाथ कोठारेंनी दिग्दर्शित केलेला, स्वतः काम केलेला. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावरचा. पर्यावरणावरच्या सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार २०१८ सालासाठीचा, आणि थिएटरात आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. केजच्या माणसाला टँकर काय असतो हे समजावून सांगायची गरज नाही.

दुसरं नाव चंद्रकांत कुलकर्णी. छत्रपती संभाजीनगरच्या 'जिगीषा' नाट्यसंस्थेतून आलेला माणूस. 'आजचा दिवस माझा' (२०१३) बघा, प्रशांत दळवी आणि अजित दळवींचं लेखन. मुख्यमंत्री एका रात्रीत एका वृद्ध गायकाला घर मिळवून द्यायचं ठरवतो आणि फाईल कुठं कुठं अडते ते दिसतं. तहसीलचे हेलपाटे घातलेल्या माणसाला हा सिनेमा सबटायटलशिवाय कळतो.

गोदाकाठ

'पाणी'बद्दल थोडं वेगळं मत. विषय आपला आहे, गावकऱ्यांच्या बैठकांचे प्रसंग खरे वाटतात. पण लग्न आणि पाणी यांची गाठ घातल्यामुळं प्रेमकथेला जागा जास्त गेली. पाणलोटाचं काम हे कंटाळवाणं, मोजमापाचं काम असतं. समतल रेषा काढायची, चर खोदायचे, माती खालच्या अंगाला टाकायची, वरून खाली येताना आधी डोंगरमाथा आणि शेवटी नाला. ते आणखी दाखवलं असतं तर सिनेमा अजून मोठा झाला असता. तरीही दाखवावा असंच म्हणेन. सिनेमा झाल्यावर गावात शिवाराची चर्चा होईल, आणि ती 'कासव'नंतर होणार नाही.

दखनी_लहेजा

गोदाकाठ, गाठ घातली म्हणून तर पोरं बसतील. नुसते चर कोण बघतंय दोन तास?

गोदाकाठ

मी बघेन. 🙂

पैठणी_पदर

बालाघाट दादा, 'कासव'च्या जागी 'अस्तु' घ्या असं सुचवते. दिग्दर्शक तेच, भावे-सुकथनकर. 'कासव'ला सुवर्णकमळ आहे हे मान्य, सिनेमाही देखणा आहे, नैराश्यावर इतक्या हळुवारपणे फार कमी बोललं गेलंय. पण तो फार शांत आहे. पत्र्याच्या हॉलमध्ये ती शांतता टिकणार नाही, बाहेरून एक ट्रॅक्टर गेला की संपलं.

'अस्तु'मध्ये डॉ. मोहन आगाशे स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताचं काम करतात. गाडीतून उतरून हत्तीच्या मागं चालत निघून जातात. माहुताची बायको, अमृता सुभाष, त्यांना आईसारखं सांभाळते. ती कन्नड बोलते, तरी एक शब्द अडत नाही. घरात म्हाताऱ्या माणसाचं करणाऱ्या बाया हॉलमध्ये बसलेल्या असणार. जेवण विसरणं, कपडे खराब होणं, लेकीनं चिडणं आणि मग चिडल्याचं वाईट वाटणं, हे सगळं त्यात आहे. भावे बाई सिनेमाकडं वळण्याआधी समाजकार्याच्या क्षेत्रात होत्या, त्यामुळं आजाऱ्याइतकंच आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसाकडं त्यांचं लक्ष असतं.

आणि वारकरी मंडळी बरीच असतील तर 'दिठी'. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. किशोर कदमांचा लोहार रामजी, पोराच्या मरणानंतर विठ्ठलावर रुसलेला. बीड जिल्ह्यात हा सिनेमा कळणार नाही असं घर सापडायचं नाही. फक्त त्यात रात्रीचे, कंदिलाच्या उजेडातले प्रसंग खूप आहेत. पडदा आणि अंधार चांगला हवा, नाहीतर नुसता राखाडी रंग दिसेल.

अँप्लीवाला_लातूर

आता पडद्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. निवड तुमची झक्कास आहे, पण हॉलचं वर्णन वाचून काळजी वाटली. पत्रा, शहाबादी आणि मराठी संवाद यांचं जमत नाही. आधी आवाज, मग चित्र.

सर्वात जास्त होणारी चूक: सिनेमाच्या फाईलमध्ये आवाज ५.१, म्हणजे सहा चॅनलचा असतो. त्यात संवाद मधल्या चॅनलला असतात, डाव्या-उजव्याला संगीत आणि बाकीचे आवाज. तुमच्या अँप्लीला जोडलेत फक्त डावा आणि उजवा. प्लेअरनं मधला चॅनल त्यात मिसळला नाही तर पार्श्वसंगीत दणदणीत आणि माणसं कुजबुजल्यासारखी. लोक म्हणतात सिनेमाचं रेकॉर्डिंग खराब आहे. लॅपटॉपच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ निवडा, आणि निर्मात्याकडं फाईल मागतानाच स्टिरिओ आवाजाची मागा.

दुसरं, स्पीकर. लग्नातले डीजेचे बेस नकोत. साधे १२ इंची दोन बॉक्स पुरतात. पडद्याच्या दोन्ही बाजूला, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर, आतल्या अंगाला किंचित वळवून. मागच्या भिंतीला स्पीकर लावू नका, संवाद पडद्यातून यायला पाहिजे. मिक्सरवर १०० हर्ट्‌झच्या खालचं कापा, २ ते ४ हजारच्या दरम्यान थोडं उचला. शब्दांची धार तिथं असते.

तिसरं, घुमणं. मागच्या भिंतीवर दोरी बांधून जाड गोधड्या किंवा घोंगड्या टांगा, भिंतीपासून चार-सहा बोटं सोडून. फरशी सतरंजीनं पूर्ण झाका. रिकाम्या हॉलमध्ये आवाज लावून बघितला तर तो घुमेलच. माणसं बसली की कमी होतो, तेव्हा रिकाम्या हॉलवर अंतिम आवाज ठरवू नका.

मोंढा_नाका

अँप्लीवाले भाऊ, मंग टॉकीजमधी बी संवाद ऐकू येत नाहीत ते काऊन? तिथं तर मधला स्पीकर राहतो ना पडद्यामागं.

अँप्लीवाला_लातूर

चांगला प्रश्न. सिनेमाचं मिक्सिंग होतं तेव्हा प्रोसेसरवरच्या फेडरचा (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाचा) आकडा ७ धरलेला असतो. टॉकीजवाले तो साडेचार-पाचवर ठेवतात, कारण जाहिराती आणि ट्रेलर फार मोठ्या आवाजाचे असतात आणि लोक तक्रार करतात. सातावरून साडेचार म्हणजे जवळपास आठ डेसिबल खाली. मारामारीच्या सिनेमात कळत नाही. 'किल्ला'सारख्या सिनेमात अर्धं बोलणं हरवतं. मध्यंतरात मॅनेजरला नीट सांगितलं तर बहुतेक ठिकाणी वाढवून देतात. "आवाज वाढवा" म्हणण्यापेक्षा "फेडर सहावर घ्या" म्हणा, लगेच कळतं.

पडदापुराण

अँप्लीवाले दादांच्या आवाजाच्या पाठोपाठ चित्राचं मी घेतो.

पडद्याची रुंदी १२ फूट ठेवा, उंची पावणेसात येईल. क्षेत्रफळ ८१ चौरस फूट. थिएटरात पडद्यावर साधारण १४ फूट-लँबर्ट (पडद्याच्या उजळपणाचं माप) उजेड धरतात, म्हणजे पूर्ण अंधारात सुमारे ११०० लुमेन पडद्यावर पोहोचले पाहिजेत. दिव्याचं वय, इको मोड, खिडक्यांच्या फटी धरून ३००० ते ३५०० एएनएसआय लुमेनचा भाड्याचा प्रोजेक्टर घ्या. 'एएनएसआय' (उजेड मोजायची प्रमाण पद्धत) हा शब्द विचाराच. ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या एलईडी प्रोजेक्टरवर नऊ-नऊ हजार लुमेन लिहिलेलं असतं, एएनएसआयनं मोजलं तर काहीशे निघतात. 'दिठी' त्याच्यावर लावूच नये.

१२ फूट रुंदीला बहुतेक भाड्याच्या प्रोजेक्टरना १८ फुटांच्या आसपास अंतर लागतं, म्हणजे मशीन प्रेक्षकांच्या मधोमध येणार. मधला पट्टा मोकळा सोडा, वायर जमिनीला चिकटपट्टीनं चिकटवा. मशीन तिरकं ठेवून कीस्टोन सेटिंगनं चौकट सरळ करू नका, चित्राची तीक्ष्णता जाते. टेबलावर टेबल चढवा पण मशीन सपाट ठेवा.

पडदा म्हणून पांढरी चादर नको, उजेड आरपार जातो. भिंत गुळगुळीत असेल तर मॅट पांढरा रंग द्या आणि चारी बाजूंनी सहा इंच काळी पट्टी रंगवा. काळ्या पट्टीनं चित्र उठून दिसतं.

पडद्याची खालची कड साडेतीन फुटांवर हवी. लोक खाली बसणार, पुढच्याचं डोकं मागच्याच्या सबटायटलवर येतं. 'फँड्री'मध्ये नायक जब्याच्या घरातली माणसं आपसात कैकाडी बोलतात, ती खालची ओळ दिसली नाही तर बाप-लेकाचं अर्धं नातं निसटतं.

सीताफळ

आणि लाईट? केजला शनिवारी संध्याकाळी लाईट राहील याची खात्री कोण देणार?

अँप्लीवाला_लातूर

प्रोजेक्टर ३०० वॅट, अँप्ली २००, लॅपटॉप १००. सहाशे वॅटला ११०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची चांगली बॅटरी, दीड तास तरी ओढते. दिव्याच्या प्रोजेक्टरची लाईट अचानक गेली तर आतला पंखाही बंद पडतो आणि गरम दिवा खराब होतो, म्हणून इन्व्हर्टर फक्त सोयीसाठी नाही, भाड्याच्या मशीनच्या सुरक्षेसाठीही लागतो. पंखे-ट्यूब त्याच इन्व्हर्टरवर टाकू नका.

धाराशिवकर

परवानगीचं कुणीच बोलेना म्हणून लिहितो. ओटीटीचं सभासदत्व घरात बघण्यापुरतं असतं. हॉलमध्ये लोक जमवून दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन, तिकीट नसलं तरीही. निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला वाचनालयाच्या लेटरहेडवर लिहा: तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक, तिकीट नाही, एकच खेळ. मराठीतले बरेच जण अशा कामाला मोठ्या मनानं हो म्हणतात, काही थोडी रक्कम घेतात. दोन महिने आधी लिहा. परवानगीचं उत्तर लेखी ठेवा, फोनवरचं चालत नाही.

फाईल मागताना १०८०पी, एमपी४ असं स्पष्ट लिहा. नाहीतर थिएटरात चालणारी डीसीपी फाईल पाठवतील. ती शंभर जीबीच्या पुढं सहज जाते आणि साध्या लॅपटॉपवर चालत नाही, हे आदल्या रात्री कळतं.

प्रमाणपत्रही बघून घ्या. २०२४ पासून यूएचे ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, पण तुमच्या यादीतले बहुतेक सिनेमे त्याआधीचे, त्यांच्यावर जुनंच प्रमाणपत्र असेल. लेकरं येणार असतील तर फलकावर लिहा.

पुढं कायमचं करायचं मनात असेल तर फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी करा. सोसायट्यांचा महासंघ १९५९ पासून आहे, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांच्यामार्फत चांगले सिनेमे मिळणं सोपं जातं.

कापूस_ते_कॅमेरा

नवीन सिनेमांचं विचारलंत त्यावर. 'स्थळ' घ्याच. जयंत सोमलकर, थिएटरात मार्च २०२५. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापसाचं शेत, कामं करणारे बहुतेक गावातलेच लोक. सुरुवातीलाच उलटा कांदेपोह्याचा कार्यक्रम आहे: मुलगी खुर्चीत आणि मुलगा पोह्याची बशी घेऊन खाली मान घालून येतो. मग खरे पाहुणे यायला लागतात आणि तेच प्रश्न त्याच क्रमानं पुन्हा पुन्हा. नाव, शिक्षण, उंची, छंद. सोमलकर ती पुनरावृत्ती मुद्दाम लांबवतात. पहिल्या खेपेला हॉल हसेल, तिसऱ्या खेपेला हसू थांबेल. विदर्भातली बोली आपल्याला परकी नाही, हिंगोली-नांदेडकडं तर शेजारच्या घरासारखी आहे.

'साबर बोंडं'ही (रोहन कानवडे, सप्टेंबर २०२५) मला फार मोठा वाटतो. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळालाय. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात गावाकडं आलेला मुलगा आणि त्याचा बालमित्र. पार्श्वसंगीत अजिबात नाही. दोन पुरुषांमधलं प्रेम आहे, तेव्हा पहिल्या वर्षी नको. प्रेक्षक तयार झाला की जरूर दाखवा, आणि चर्चेला वेळ ठेवूनच.

मोंढा_नाका

सगळ्यांचं खरं, पण मला 'देऊळ'च्या जागी 'वळू' पाहिजे. उमेश कुलकर्णींचाच हाय. सोडलेला वळू धरायला फॉरेस्टचा साहेब गावात येतो आन सगळं गाव आपापलं गाऱ्हाणं घेऊन त्याच्या भावाच्या कॅमेऱ्यापुढं उभं राहतं. हसून हसून माणसं पुढच्या महिन्याची तारीख इचारतेत का नाही बघा.

पडदापुराण

मोंढानाका, 'वळू' सुरुवातीला उत्तमच. तरी 'देऊळ' काढू नका. सव्वादोन तासांचा आहे, पण एका गाईच्या शोधात झालेल्या भासातून दुकानं, कमान, एसटी, पुढारी कसे उभे राहतात हे टप्प्याटप्प्यानं दिसतं. गावातले जाणते अण्णा निघून जातात तेव्हा गाव त्यांना थांबवत नाही, तो प्रसंग हसवणाऱ्या सिनेमात बसवणं अवघड होतं.

पैठणी_पदर

तारखांचंही बघा दादा. केज, धारूर, वडवणीकडची ऊसतोडीला गेलेली घरं दसऱ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावात नसतात. त्यांच्यासाठी एखादा चांगला सिनेमा एप्रिलमध्ये राखून ठेवा. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीची परीक्षा, त्या महिन्यांत पोरं येणार नाहीत, मोठ्यांचे सिनेमे तेव्हा लावा. नोव्हेंबरात सहाच्या आत दिवस मावळतो, साडेसहाला सुरू करता येईल. एप्रिलमध्ये सव्वासातच्या आधी खिडक्यांतून उजेड येत राहील.

बालाघाट_केज

सगळ्यांचे मनापासून आभार. 'कोर्ट' खाली नेतोय. आता असं:

नोव्हेंबर: एलिझाबेथ एकादशी. दीड तासाचा, पंढरपूरचा, लेकरंबाळं घेऊन येता येईल, आणि पहिल्याच खेपेला आवाजात काही बिघडलं तरी गोष्ट कळेल.
डिसेंबर: वळू.
जानेवारी: स्थळ.
फेब्रुवारी: अस्तु.
मार्च: कोर्ट, सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या बोलण्यासह.
एप्रिल: फँड्री. ऊसतोडीची मंडळी परत आलेली असतील.

'देऊळ', 'पाणी', 'दिठी', 'किल्ला' पुढच्या वर्षीसाठी. पत्रं या आठवड्यात लिहायला घेतो.

दखनी_लहेजा

'पाणी' पुढच्या वर्षी? दादा, मे महिन्यात एक जादा खेळ ठेवा. विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाच तो सिनेमा लागला पाहिजे, आणि पावसाच्या आधी चर खोदायला महिनाभर हातात राहतो.

गोदाकाठ

याला माझं पूर्ण अनुमोदन. मे महिन्यात पत्र्याखाली माणसं बसणार नाहीत, अंगणात लावा. रात्री आठनंतर, पडद्याची पाठ वाऱ्याकडं न करता वाऱ्याच्या रेषेत, नाहीतर शीड होतं. उघड्यावर आवाज घुमत नाही, पण विरतो. दोन बॉक्सचे चार करावे लागतील.

अँप्लीवाला_लातूर

चार चालतील, पण चारही पडद्याजवळच. दोन मागं नेले तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. त्या आठवड्यात बॉक्स मोकळे असतील तर मी लातूरहून घेऊन येतो, भाडं नको. तारीख पक्की झाली की मेसेज टाका, लग्नसराईच्या आधी अडवून ठेवावे लागतील.